बाबांची फाईल

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आमचं घर विकायचं चाललंय हे नातेवाइकांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. आई-बाबा दोघंही गेल्यापासून ते घर बंदच असतं. दादा पुण्यात, मी मुंबईत. वर्षातून एकदा जायचं, कुलूप उघडायचं, जाळी-जळमटं काढायची, कुठे गळतंय का बघायचं आणि परत यायचं. शेवटी एकदाचं गिऱ्हाईक आलं. माणूस भला, घर आवडलं, किंमतही फारशी घासाघीस न करता मान्य केली. मग त्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "भोगवटा प्रमाणपत्र आहे ना?"

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या घरात आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे राहायची परवानगी आपल्याकडे आहे की नाही, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

मग माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. जुन्या पंचांगांच्या खाली पांढऱ्या नाडीने बांधलेली एक फाईल निघाली. वर बाबांच्या वळणदार अक्षरात 'घर – परवानगी'. आत नकाशाच्या अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेल्या. अर्जांच्या कार्बन कॉप्या, पावत्या. आणि एक चाळीस पानी वही. बाबा शाळामास्तर, त्यामुळे नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. नगरपालिकेत मारलेली प्रत्येक खेप त्यांनी तारखेसह लिहून ठेवली होती.

'१२ जून. साहेब रजेवर.'

'२६ जून. साहेब आले. फाईल टेबलावर नाही.'

'३ जुलै. फाईल सापडली. जिना समासात येतो असे तोंडी सांगितले. लेखी मागितले. लेखी कशाला गुरुजी, असे म्हणाले.'

पहिली नोंद ९ मार्च १९८४ ची, 'अर्ज दिला. पोच घेतली.' शेवटची १८ जुलै १९८६ ची, 'परवानगी मिळाली. हिला सांगितले.' मध्ये एकेचाळीस खेपा. मी बोटांवर, मग कागदावर दिवस मोजले. ८६१ भरले.

कायद्यात मुदत आहे साठ दिवसांची. मग उरलेले ८०१ दिवस गेले कुठे?

आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. बाबांनी पैसे चारले नाहीत म्हणून. ते आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावर विचार करायची गरजच वाटली नाही. त्या सव्वादोन वर्षांत आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत होतो, नळ अंगणात, संडास चार बिऱ्हाडांत एक. आई शेवटपर्यंत म्हणायची, "तुमच्या तत्त्वाचं भाडं मी भरलं." बाबा काही बोलायचे नाहीत. चष्मा काढून पुसत बसायचे.

तर गेले काही आठवडे मी त्या ८०१ दिवसांच्या मागे लागलोय. जुने कायदे काढून वाचले, मुंबईचा इतिहास चाळला. नगरपालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कळत गेलं की हे त्या एका कार्यालयाचं प्रकरण नाहीच. त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

सुरुवात करू १८८८ पासून. मुंबई महानगरपालिकेचा कायदा त्या सालचा, आणि अनेक दुरुस्त्यांसह तो आजही चालू आहे. त्यातलं ३३७ वं कलम सांगतं, की ज्याला घर बांधायचंय त्याने आयुक्तांना तशी नोटीस द्यावी. शब्द बघा. अर्ज नाही, विनंती नाही. नोटीस. 'मी घर बांधणार आहे, कळावे.' पुढचं ३४५ वं कलम म्हणतं, की तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही तर खुशाल कामाला लागा. आणि ३४६ वं कलम सांगतं, की बांधकाम नियमात बसत नसेल तर आयुक्तांनी कारणासह तसं कळवावं आणि कोणत्या अटी पाळल्या तर ते चालेल तेही सांगावं.

म्हणजे मूळ कल्पना अशी, की नागरिक सांगणार, सरकार हरकत असेल तर तोंड उघडणार, आणि सरकार गप्प बसलं तर त्याचा अर्थ होकार. किती सुटसुटीत!

पण या शेवटच्या कलमाची गंमत पुढे वेगळीच झाली. मुंबईत ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यांनी 'आय.ओ.डी.' हा शब्द ऐकला असेल. बिल्डर मोठ्या अभिमानाने सांगतो, "आय.ओ.डी. आलीय साहेब!" ही आय.ओ.डी. म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअ‍ॅप्रूव्हल. सरळ मराठीत, नामंजुरी कळवल्याचं पत्र. पिढ्यान् पिढ्या मुंबईत घर बांधणाऱ्याच्या हाती पडणारा पहिला महत्त्वाचा कागद हा असा नामंजुरीचा. तुमचा प्रस्ताव मला नापसंत आहे, मात्र या या अटी पाळल्यात तर पसंत आहे असं समजा, असा त्याचा थाट. अटींची यादी लांबलचक. त्या पुऱ्या करत करत पुढे बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळवायचा, मग जोत्याची तपासणी, मग वरचे मजले, आणि शेवटी भोगवटा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग वाटलं, हे सोयीचंच आहे की. स्वच्छ 'हो' म्हटलं की जबाबदारी सही करणाऱ्याची. 'नाही, पण...' म्हटलं की जबाबदारी अटींची, आणि अटी पाळायच्या मालकाने.

आता या अटी आल्या कुठून? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या महिन्यांत शहर रिकामं होत गेलं. पालिकेची माणसं घराघरांत शिरून भिंतींना चुना मारत होती, ऊन आत यावं म्हणून कौलं काढत होती. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' अशी तीन अक्षरं रंगवली जात. माणसाने राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. एकाला एक चिकटून उभ्या चाळी, मध्ये हातभर घळ, त्यात सांडपाणी, आणि आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा.

त्यातून १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या जे. पी. ऑर नावाच्या अध्यक्षांनी पुढे एका नियमाचा फार आग्रह धरला, ६३½ अंशांचा नियम. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३½ अंशांच्या चढाने वर एक रेघ ओढायची. ती रेघ समोरच्या इमारतीला अडता कामा नये. भूमितीचा हिशेब केला तर अर्थ एवढाच, की समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसेल.

हे वाचून मी परत बाबांची वही काढली. 'जिना समासात येतो.' दीड फूट येत होता. तो समास, ते घराभोवती सोडायचं मोकळं अंतर, ही काही साहेबांची लहर नव्हती. ते अंतर ठेवायचं शहाणपण प्लेगने शिकवलं होतं. बाबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वर्गात शिकवलं असतं. कुणी सांगितलं नाही. फक्त 'समासात येतो' म्हणाले आणि फाईल बाजूला ठेवली.

नंतर नगररचनेचे कायदे आले. १९१५ चा मुंबई इलाख्याचा, मग १९५४ चा, आणि राज्य झाल्यावर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. बाबांचा अर्ज या शेवटच्या कायद्याखालचा. इथे 'कळावे' जाऊन 'परवानगी मिळावी' आलं. नागरिकाने अर्ज करायचा आणि परवानगी हातात पडेपर्यंत वीट रचायची नाही. मुदत मात्र इथेही आहे. ४५ वं कलम म्हणतं, साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानलं जाईल. सरकारी मराठीत याला छान शब्द आहे, 'मानीव' परवानगी.

पण त्या वाक्याला एक शेपूट आहे. अर्ज मिळाल्यापासून साठ दिवस, किंवा कार्यालयाने काही विचारणा केली असेल तर तिचं उत्तर मिळाल्यापासून साठ दिवस, यांतलं जे नंतरचं असेल ते.

हे शेपूट वाचलं आणि बाबांच्या ८६१ दिवसांपैकी बऱ्याच दिवसांचा पत्ता लागला. फाईलमध्ये नगरपालिकेची सात पत्रं आहेत. प्रत्येकात एकच त्रुटी. पहिल्यात सात-बाराचा उतारा ताजा हवा. दुसऱ्यात मोजणीचा नकाशा. तिसऱ्यात जिना. चौथ्यात घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, आता घरच नाही तर घरपट्टी कसली! सातही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. पण एकेक विचारलं की दर वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर. पत्रांच्या तारखा बघितल्या, तर तीन पत्रं पन्नास ते साठ दिवसांच्या मध्ये कधीतरी निघालेली आहेत. मुदत संपता संपता. त्या कार्यालयात कुणाला मुदत माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. फार नीट माहीत होती.

दुसरा घोळ बिनशेतीचा. प्लॉट पूर्वी शेतजमीन होता, म्हणून १९६६ च्याच जमीन महसूल कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची एन.ए. परवानगी हवी. तिथेही मुदत आहे, नव्वद दिवसांची, आणि तिथेही ती उलटली तर मानीव परवानगी. आता बाबांची वही बघा. '२२ जानेवारी. नगरपालिका म्हणते आधी एन.ए. आणा.' '२९ जानेवारी. कलेक्टर कचेरी म्हणते आधी नगरपालिकेचा अभिप्राय आणा.' पुढच्या चार नोंदी याच दोन वाक्यांच्या आहेत. शेवटी बाबांनी लिहिलंय, 'अंडे आधी की कोंबडी?' वहीतला हा एकच विनोद.

तुम्ही म्हणाल, मग मानीव परवानगी धरून बांधायला सुरुवात का नाही केली? मलाही तेच वाटलं. उत्तर फाईलमध्येच सापडलं. घरबांधणीच्या कर्जाचा पहिला हप्ता मिळण्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेला शिक्क्याचा मंजूर नकाशा हवा होता. मानीव परवानगीला शिक्का नसतो. नळजोडणीच्या अर्जालाही परवानगीचा क्रमांक लागायचा. कायद्याने दिलेली सवलत बाजूच्या टेबलावर चालत नव्हती. शिवाय त्या कलमालाच अट आहे, की बांधकाम सगळ्या नियमांत काटेकोर बसलं पाहिजे. ते बसतं की नाही हे सांगणार कोण? तेच कार्यालय. ज्या मास्तरांनी आयुष्यभराची पुंजी लावलीय, ते उद्या नोटीस येईल या धास्तीत जोतं कसं भरतील?

तिसरं कारण नकाशांचं. १९८५ मध्ये वहीत येतं, 'विकास आराखड्याची सुधारणा चालू आहे. आपल्या प्लॉटच्या कडेने रस्ता रुंद होणार का ते नक्की नाही. थांबा.' जुना आराखडा अजून लागू, नवा अजून कच्चा, आणि परवानगी देताना नव्याकडेही बघणं भाग. अशा वेळी फाईल हलत नाही. हे लहान गावातच होतं असं नाही. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि चुकांवरून इतका गदारोळ उठला की त्याच वर्षी तो दुरुस्तीला परत पाठवावा लागला. मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं.

मोठ्या शहरांत तर ना-हरकत दाखल्यांच्या उतरंडी लागलेल्या. त्यांची सालं मांडून बघितली तर आपलाच इतिहास दिसतो. १९७५ चा झाडांचा कायदा, कारण झाडं बेफाम तुटत होती. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा, कारण मोजक्या हातांत जमिनी अडकल्या होत्या. महाराष्ट्राने तो २००७ साली रद्द केला, पण तोवर पुण्यातल्या आमच्या काकांसारख्या छोट्या प्लॉटवाल्यांनाही 'माझ्याकडे जादा जमीन नाही' याचा दाखला आणावा लागला होता. १९९१ ची किनारपट्टीची अधिसूचना, १९९५ ची मुंबईची हेरिटेज नियमावली, २००६ पासून वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना पर्यावरणाची मंजुरी. यातला एकही नियम मला निरर्थक वाटत नाही. प्रत्येकामागे काहीतरी बिघडलेलं, गमावलेलं आहे. पण प्रत्येक जण नवं टेबल घेऊन आला, आणि आधीची टेबलं तिथेच राहिली. सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच विचारायचं हे कुणाचंच काम नव्हतं.

त्यात भर एफ.एस.आय.ची, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाची. प्लॉटच्या किती पट बांधता येईल याचा हा आकडा १९६४ च्या सुमारास मुंबईच्या नियमांत आला. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावरच्या शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. ज्या शहरात फुटाफुटाला सोन्याचा भाव, तिथे काय मोजायचं आणि काय नाही यालाही सोन्याचा भाव आला. फुलझाडांचे कट्टे, गच्ची, डक्ट, हे मोजायचे का? सूट द्यायची का? अशा सवलतींच्या फायली खालच्या इंजिनिअरपासून थेट आयुक्तांच्या टेबलापर्यंत चढायच्या आणि उतरायच्या. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलून हे सगळं मोजायचं ठरलं, आणि बदल्यात पैसे भरून ठरावीक जादा क्षेत्र मिळू लागलं, निवासी इमारतींना ३५ टक्के. उद्देश हाच, की साहेबांच्या मर्जीचा भाग कमी व्हावा. जिथे मर्जी तिथे विलंब, आणि जिथे विलंब तिथे पाकीट.

पाकिटाचं बोलायलाच हवं. केंद्र सरकारने भ्रष्टाचार रोखण्यासाठी १९६२ साली के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६४ च्या तिच्या अहवालात 'स्पीड मनी'चा उल्लेख आहे. नियमबाह्य काम करून घेण्यासाठी दिलेली लाच वेगळी, आणि नियमातलंच काम वेळेत व्हावं म्हणून दिलेले पैसे वेगळे. पण एकदा वेगाला किंमत आली की विलंब हा माल होतो, आणि माल तयार करावा लागतो. तेव्हा आईचं म्हणणं खोटं नव्हतंच. ती सात पत्रं सात वेळा निघाली ती उगाच नाही.

तरीही ते उत्तर पुरं नाही, असं मला वाटायला लावणारी एक गोष्ट आहे.

बाबा गेले तेव्हा भेटायला बरीच मंडळी येऊन गेली. त्यांत एक थकलेले गृहस्थ होते. त्या काळी नगरपालिकेत ओव्हरसियर होते. बराच वेळ गप्प बसले, मग मला म्हणाले, "गुरुजींची फाईल माझ्याकडे होती. चार-पाच महिने मी दाबून ठेवली होती. पैशासाठी नव्हे हो." मी काहीच बोललो नाही. मग त्यांनी सांगितलं, की त्याच्या आदल्या वर्षी बाजारपेठेत एका नव्या इमारतीची भिंत पडली. नकाशावर त्यांच्या सहकाऱ्याची सही. भिंत पडली ती ठेकेदाराच्या कामामुळे, पण निलंबित झाला तो सही करणारा. दोन वर्षं अर्ध्या पगारावर घरी बसला, पोरीचं लग्न लांबलं. "सही केली म्हणून घरी बसलेला माणूस मी पाहिला," ते म्हणाले. "फाईल ठेवून दिली म्हणून घरी बसलेला एकही नाही पाहिला. तुम्हीच सांगा, मी काय करायचं?"

मी तेव्हा रागात होतो. काही न बोलता चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. आता ही फाईल वाचताना त्यांचं ते बोलणं सारखं आठवतं. मला सापडलेली सगळी कारणं, शेपटाची मुदत, अंडं-कोंबडी, दोन नकाशे, ही दारं आहेत. त्या दारांतून आत लोभही शिरतो आणि भीतीही. 'हो' म्हणण्याची शिक्षा मोठी आणि 'उद्या या' म्हणण्याची शिक्षा शून्य, असं असेल तर भला माणूसही 'उद्या या'च म्हणेल.

सरकारला हे कळलं नाही असं नाही. महाराष्ट्राने २००५ साली विलंबालाच प्रतिबंध करणारा कायदा केला. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलंय. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. चांगलंच झालं. पण तराजूच्या एका पारड्यात पाचशे रुपये आणि दुसऱ्यात निलंबन असेल तर काटा कुठे झुकेल हे सांगायला मास्तर नको.

आणि नुसती घाई हे उत्तर नाही, हेही आपण पाहिलंय. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. ती परवानगीशिवाय काही महिन्यांत उभी राहिली होती, आणि काम चालू असतानाच खाली कुटुंबं राहायला आली होती. पालिकेचे काही अधिकारीही अटकेत गेले. म्हणजे एकीकडे आमच्या बाबांना दीड फुटासाठी तिष्ठत ठेवणारी आणि दुसरीकडे सात मजल्यांकडे काणाडोळा करणारी, यंत्रणा एकच. वाट बघायला तयार असतो त्याचीच परीक्षा होते. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एकाने गुंठेवारीतला तुकडा घेऊन सहा महिन्यांत घर बांधलं, ना अर्ज ना नकाशा. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा त्यांनी शुल्क भरलं आणि घर नियमित झालं. २०२१ मध्ये त्या कायद्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. मला त्यांचा राग नाही. पोराबाळांना घेऊन माणसाने किती दिवस थांबायचं? पण बाबा त्या घरावरून जाताना मान वळवायचे, हे मला आठवतं.

मधल्या काळात एक आनंदाची बातमीही आली होती. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत १८१ व्या क्रमांकावरून एकदम ५२ वर आला, तो २०१८ साली. पुढच्या वर्षी २७. मुंबई आणि दिल्लीत ऑनलाइन खिडकी झाली, टेबलं कमी झाली, हे खरंच. पण त्या पाहणीत मोजलं जायचं ते या दोन शहरांतलं एक ठरावीक दोन मजली गोदाम, सुमारे १३०० चौरस मीटरचं. मास्तरांचं घर त्यात नव्हतं. आणि आकडेवारीतल्या गोंधळामुळे ती यादीच जागतिक बँकेने २०२१ साली बंद केली.

त्यापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली एकत्रित नियमावली. मुंबई आणि काही भाग सोडून बहुतेक राज्याला ती लागू आहे. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर वेगळी परवानगी नाही. कागदपत्रं आणि वास्तुविशारदाच्या सहीचा नकाशा द्यायचा, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. दीडशे ते तीनशेपर्यंत दहा दिवसांत. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण फिरून 'मी घर बांधणार आहे, कळावे' इथे आलो. निदान छोट्या माणसासाठी तरी.

वाचून मी लगेच बाबांच्या प्लॉटचा हिशेब केला. दीड गुंठा. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड म्हणजे १५१.७६. पावणेदोन मीटरने हुकले! बाबा असते तर चष्मा पुसत म्हणाले असते, "मग दहा दिवस थांबू की. त्यात काय."

असो. भोगवटा प्रमाणपत्र फाईलमध्ये नाहीच. घर १९८७ मध्ये पुरं झालं. जोते तपासणीचा दाखला आहे, पुढचं काही नाही. दादाला आठवतं, आई म्हणाली होती, "तो शेवटचा कागद घेऊन टाका." बाबा म्हणाले, "आपल्याच घरात राहायची परवानगी मागायला मी बेचाळिसावी खेप घालणार नाही." आयुष्यात एकदाच ते नियमाला कंटाळले, आणि नेमकं तेच आज आम्हाला नडतंय.

दादाचं म्हणणं, एजंट लावू. तो पंधरा दिवसांत काम करून देतो म्हणतो, आकडाही सांगितलाय. दादाच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरायचेत, गिऱ्हाईक फार थांबणार नाही. हे सगळं मला कळतं. तत्त्वाचं भाडं या वेळी कुणी भरायचं, हा आईचा प्रश्न माझ्यासमोरही आहे, आणि ते भाडं माझ्यापेक्षा दादाला जास्त पडणार आहे. दोन दिवस आम्ही वाद घातला. शेवटी असं ठरलं, की आधी आपण स्वतः अर्ज करायचा आणि साठ दिवस वाट बघायची. त्यानंतर दादा म्हणेल तसं.

परवा मंगळवारी गेलो. इमारत नवी आहे, नळावर पाण्याचा कूलर आहे. खिडकीवरच्या मुलीने कागद बघितले, जिन्याचा जुना नकाशा उलगडून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "काका, एवढा जुना नकाशा तुम्ही जपून ठेवलात?" मग संगणकावर काहीतरी टिपलं आणि पावती दिली. मी तिला विचारलं, काही कमी असेल तर सगळं एकदमच सांगाल का. ती म्हणाली, "बघते, साहेबांना विचारून."

रात्री वही काढली. शेवटच्या पानावर जागा होती. 'परवानगी मिळाली. हिला सांगितले' याच्या खाली तारीख टाकली आणि लिहिलं, 'खेप ४२. अर्ज दिला. पोच घेतली.'